प्रतिसाठवण, भूमि-अभिलेखांची

जमिनीचा धारक, तिचे क्षेत्र, आकारणी, तीवरील कुळांचे व इतरांचे हक्क आणि या हक्कांत वेळोवेळी झालेले बदल यांच्या शासकीय नोंदींची मूळ संचाहून वेगळी प्रत करून ती वेगळ्या जागी सुरक्षित ठेवणे आणि मूळ संच नष्ट वा दूषित झाल्यास त्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करणे, या पद्धतीस भूमि-अभिलेखांची प्रतिसाठवण म्हणतात. संगणक-व्यवहारात यासाठी ‘बॅकअप’ हा इंग्रजी शब्द रूढ आहे. व्याख्येचे प्रत करणे आणि पुनःस्थापना करणे असे दोन भाग आहेत. त्यांपैकी पहिल्याकडे बहुधा लक्ष दिले जाते. दुसऱ्याची परीक्षा मात्र आपत्ती आल्यावरच होते. कागदी दप्तरापासून चुंबकीय फितीपर्यंतच्या प्रतिसाठवणीच्या इतिहासातून हाच धडा पुनःपुन्हा मिळतो. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात दिला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याचे, परस्परांना लागून असलेले तालुके होत. शहापूर तालुक्यातून मुंबई–नासिक महामार्ग व कसारा घाटाकडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. मुरबाडमधून कल्याण–अहिल्यानगर रस्ता माळशेज घाट चढतो. दोन्ही तालुक्यांत भातशेती मुख्य असून महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली इ. आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

या भागातील प्रशासकीय सीमा अनेकदा बदलल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पोटविभाग होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर मोखाडा त्या जिल्ह्यात गेला आणि शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यात राहिले. जुन्या नोंदींचा शोध घेताना हे बदल ध्यानात ठेवावे लागतात. कारण गाव आज ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या नावाखाली त्याचे जुने कागद लावलेले असतीलच, असे नाही.

जमिनीच्या संपादनाचे प्रसंगही येथे वारंवार आले. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा (१८९२) व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. बारवी धरणाच्या बुडीत क्षेत्रात मुरबाड तालुक्यातील गावांची जमीन गेली. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ५ जून २०२५ रोजी खुला झालेला शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. अशा प्रत्येक वेळी मोबदला कोणाला द्यावयाचा, हे ठरविण्याचा पहिला आधार गावच्या दप्तरातील नोंद हाच असतो.

कागदी अभिलेखांची व्यवस्था : ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात झालेल्या मोजणीने व जमाबंदीने प्रत्येक शेताला भूमापन क्रमांक, क्षेत्र व आकार मिळाला. तथापि ती व्यवस्था मुख्यतः सारावसुलीसाठी होती. हक्कांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची तरतूद १९०३ च्या अधिकार अभिलेख अधिनियमाने झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आली. १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात (१९६६) हीच पद्धत पुढे चालू राहिली.

या पद्धतीत गावाचे दप्तर ठराविक नमुन्यांत ठेवले जाते. गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही, ७ हे अधिकार अभिलेख पत्रक, ८-अ ही खातेदारांच्या धारण जमिनींची नोंदवही आणि १२ ही पिकांची नोंदवही होय. नमुना ७ व १२ एकाच पानावर येत असल्याने ‘सात-बारा’ हा शब्द प्रचारात आला. खरेदी, वारसा, वाटणी वा गहाण यांमुळे हक्कांत बदल झाला, म्हणजे तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) तो प्रथम फेरफार नोंदवहीत लिहितो, संबंधितांना नोटीस देतो आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर तिचा अंमल सात-बारावर देतो. कायद्याच्या कलम १५७ अन्वये अशी प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून नोंद नाहीशी झाली, तर ती पुन्हा सिद्ध करण्याचा सगळा भार धारकावर पडतो.

‘प्रतिसाठवण’ हा शब्द त्या काळी नव्हता. तिचे तत्त्व मात्र या व्यवस्थेत होते. गावाचे चालू दप्तर तलाठ्याच्या सजात असे. भरलेली जुनी पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा होत. मोजणीची टिपणे, आकारबंद व गावनकाशे भूमि-अभिलेख खात्याच्या कार्यालयात असत. खरेदीखताची अक्षरशः नक्कल नोंदणी अधिनियमानुसार (१९०८) दुय्यम निबंधकाच्या पुस्तकात उतरविली जाई. अशा रीतीने एकाच व्यवहाराच्या खुणा तीन खात्यांत व बहुधा तीन वेगळ्या इमारतींत राहत. या सर्व खुणा एकमेकींच्या प्रती नव्हत्या, पण एकीवरून दुसरीचा ताळा घेता येई. आकारबंदातील गावाचे एकूण क्षेत्र आणि सर्व सात-बारांच्या क्षेत्रांची बेरीज सारखी आली पाहिजे, हा असाच एक ताळा होय.

अभिलेख किती काळ ठेवावयाचे याचेही नियम होते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० किंवा ५ वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे सुमारे एक वर्ष ठेवून नष्ट केले जात. त्यांचे गठ्ठे अनुक्रमे लाल, हिरव्या, पिवळ्या व पांढऱ्या कापडात बांधण्याचा प्रघात होता, त्यामुळे कपाटासमोर उभे राहताच कोणता गठ्ठा नष्ट करावयाचा नाही, हे कळे. संगणकीय प्रतिसाठवणीत प्रत्येक प्रतीला जो धारणकाल ठरवून द्यावा लागतो, त्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

या व्यवस्थेत दोन दोष होते. पहिला दोष नकलेचा. पीकपाहणीचे रकाने भरले, म्हणजे साधारणतः दहा वर्षांनी सात-बाराची पुस्तके नव्याने लिहावी लागत. प्रत्येक पुनर्लेखनात एखादे नाव, एखादा हिस्सा किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यातील एखादी ओळ गळण्याचा संभव असे. दुसरा दोष जागेचा. कोकणातील पावसाळ्यात कागदाला दमटपणा लागतो, बुरशी येते व वाळवी लागते. फेरफाराचे पुस्तक बहुधा एकच असे. ते गेले, म्हणजे त्यातील कारणमीमांसा गेली.

जुन्या नोंदींचे मोल : सात-बारा आजची स्थिती सांगतो, ती कशी आली हे फेरफार सांगतो. शहापूर–मुरबाडसारख्या तालुक्यांत हा भेद केवळ तांत्रिक नाही. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ, कायद्यातील अटींच्या अधीन, तिचे मालक मानले गेले. त्या दिवशी कूळ कोण होते, हे त्या वर्षाच्या पीकपाहणीवरून पाहावे लागते. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासंबंधीच्या १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ धारकांना परत मिळण्याचा मार्ग उघडला. येथेही हस्तांतर केव्हा व कसे झाले, हे त्या काळच्या फेरफारावरूनच ठरते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियमाखालील (२००६) दाव्यांतही जुने शासकीय अभिलेख हा एक पुरावा असतो. ज्याच्या घरी खरेदीखत नाही, पावती नाही, वाचता येणारे कोणी नव्हते, अशा कुटुंबाचा कागद म्हणजे सरकारी दप्तरातील ती एक ओळ होय. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे एक पान जपण्यासाठी एवढी यातायात का करावयाची, याचे उत्तर येथे आहे.

संगणकीकरण : भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रूपाने सुरू झाली, महाराष्ट्रातील वर्धा हा त्यांपैकी एक होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६) यासाठी आज्ञावली तयार केल्या. पुढे राज्यातील सर्व तालुक्यांत सात-बाराची माहिती संगणकात भरण्यात आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात तालुक्याच्या ठिकाणी आधुनिक अभिलेख कक्ष व माहिती केंद्रे यांची तरतूद होती. १ एप्रिल २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात ‘ई-महाभूमि’ प्रकल्पाखाली ‘ई-फेरफार’ ही पद्धत आली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचे सात-बारा उतारे देण्यास आरंभ झाला. जुन्या हस्तलिखित अभिलेखांच्या प्रतिमा आंतरजालावर ज्या पहिल्या सात जिल्ह्यांसाठी उपलब्ध झाल्या, त्यांत ठाणे जिल्ह्याचा समावेश होता.

या बदलाने जुने दोष कमी झाले, पण नवा धोका निर्माण झाला. पूर्वी एका सजातील दप्तर जळाले, तर काही गावांचे नुकसान होई. आता संपूर्ण तालुक्याची किंवा जिल्ह्याची नोंद एका तबकडी-संचावर एकवटली. एका चुकीच्या आज्ञेने ती क्षणात पुसली जाऊ शकते. म्हणून संगणकीकरणाबरोबरच प्रतिसाठवण ही स्वतंत्र शाखा बनली, आणि तिचे सर्वांत जुने व आजही वापरात असलेले साधन चुंबकीय फीत हे होय.

चुंबकीय फितीचा विकास : जर्मनीत फ्रिट्झ प्‌फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्ण बसवून ध्वनिमुद्रणाची फीत तयार केली, १९३५ मध्ये ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र बर्लिन येथे लोकांपुढे आले. संगणकासाठी फितीचा व्यापारी उपयोग १९५१ मध्ये अमेरिकेतील युनिव्हॅक यंत्राबरोबर सुरू झाला. त्याची फीत निकेलाचा मुलामा दिलेल्या ब्राँझ धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएम कंपनीने ७२६ हे फीतयंत्र आणले. त्यात हलकी प्लॅस्टिकची फीत असून तीवर दर इंचास १०० अक्षरे मावत. फीत एकाएकी थांबविताना वा सुरू करताना तुटू नये, म्हणून निर्वात स्तंभात तिचा सैल वेढा ठेवण्याची युक्ती त्यात होती. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० यासारख्या मोठ्या संगणकांबरोबर फीतयंत्रे आली.

१९७२ मध्ये पाव इंची फितीची बंद पेटी, १९८४ मध्ये पुढे डीएलटी नावाने प्रसिद्ध झालेल्या अर्धा इंची पेटीचे पूर्वरूप आणि १९८९ मध्ये ४ मिमी. रुंदीची डीडीएस फीत अशी प्रगती होत गेली. लहान कार्यालयांतील सर्व्हरांना डीडीएस फीत सोयीची होती. तिच्या १९९९ मधील चौथ्या पिढीत २० गिगॅबाइट माहिती मावे. २००० मध्ये तीन कंपन्यांनी मिळून एलटीओ हा खुला मानक प्रचारात आणला. त्याच्या पहिल्या पिढीची धारकता १०० गिगॅबाइट, पाचव्या पिढीची (२०१०) १·५ टेराबाइट आणि नवव्या पिढीची (२०२१) १८ टेराबाइट आहे. नवव्या पिढीच्या पेटीत सु. १,०३५ मी. लांबीची फीत असून तीवर ८,९६० मार्गिका असतात.

तबकडीच्या (पहिली व्यापारी तबकडी १९५६) तुलनेत फितीवरील हवी ती नोंद शोधण्यास वेळ लागतो, कारण फीत तेथपर्यंत गुंडाळत न्यावी लागते. परंतु यंत्रातून काढून ठेवलेल्या पेटीला वीज लागत नाही व संगणकाच्या कोणत्याही आज्ञेने ती पुसता येत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारख्या खंडणीखोर आज्ञावली जोडलेल्या सर्व तबकड्यांवरील माहिती कुलूपबंद करू शकतात, कपाटातील फितीपर्यंत त्या पोहोचत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगल कंपनीच्या टपालसेवेतील आज्ञावलीच्या दोषामुळे काही ग्राहकांची पत्रे तबकड्यांवरील अनेक प्रतींतून एकाच वेळी नाहीशी झाली. ती फितींवरून परत आणावी लागली. प्रतींची संख्या पुरेशी नसते, त्यांचे स्वरूप व स्थान वेगळे असावे लागते, हे या घटनेने दाखविले.

याच कारणाने तबकड्यांचा ‘रेड’ संच (ही कल्पना १९८७-८८ मध्ये मांडली गेली) म्हणजे प्रतिसाठवण नव्हे. त्यात एक तबकडी बिघडली, तरी काम चालू राहते. पण चुकून पुसलेली नोंद सर्व तबकड्यांवरून त्याच क्षणी पुसली जाते.

साठवण-एककांची मांडणी : मोठ्या सर्व्हरांच्या प्रतिसाठवणीसाठी स्वतंत्र आज्ञावली वापरतात. तीत ‘साठवण-एकक’ ही मूलभूत संकल्पना आहे. साठवण-एकक हे यंत्र नसून यंत्रांच्या गटाला दिलेले नाव होय. त्या नावाखाली प्रत कोणत्या सर्व्हरमार्फत लिहावयाची, तबकडीवर की फितीवर, एका वेळी किती फीतयंत्रे वापरावयाची आणि प्रतीचा एक तुकडा जास्तीत जास्त किती मोठा असावा, ही माहिती नोंदविली जाते. प्रत काढण्याच्या धोरणात यंत्राचा उल्लेख न करता एककाचे नाव लिहितात. त्यामुळे पुढे यंत्र बदलले, तरी धोरण बदलावे लागत नाही. चालू अधिकार अभिलेख आणि जुन्या दप्तराच्या प्रतिमा यांसाठी वेगळी एकके ठेवणे श्रेयस्कर असते. पहिल्यांत रोज बदल होतो, दुसऱ्यांत क्वचितच.

आधी तबकडीवरील एककात प्रत घ्यावी व नंतर सावकाश ती फितीवर उतरवावी, ही द्विस्तरीय रीत सामान्य आहे. तिचे कारण फीतयंत्राच्या स्वभावात आहे. फीत ठराविक वेगाने अखंड धावली पाहिजे. माहिती त्या वेगाने न पुरविल्यास यंत्र थांबते, फीत मागे घेते व पुन्हा सुरू होते. अशी ये-जा वाढल्यास काम रेंगाळते आणि फीत व शीर्ष दोन्ही झिजतात. लाखो लहान संचिका थेट फितीवर लिहू पाहिल्यास नेमके हेच घडते.

फीतयंत्रांची जोडणी : फीतयंत्र सर्व्हरला पूर्वी स्कझी पद्धतीच्या समांतर तारेने जोडीत. तारेवरील प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागे आणि तारेच्या टोकाला समापक बसवावा लागे. यांपैकी एक चुकले, तरी यंत्र कधी दिसे, कधी दिसत नसे. पुढे फायबर चॅनल व एसएएस या जोडण्या आल्या. त्यांत समापकाची गरज नसली, तरी एक पथ्य राहिले : सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरही प्रत्येक यंत्राला तेच नाव मिळाले पाहिजे, यासाठी नाव यंत्राच्या अनुक्रमांकाशी कायमचे बांधावे लागते.

जेथे अनेक फिती व यंत्रे असतात, तेथे यांत्रिक हात असलेले फीतभांडार वापरतात. यांत्रिक हात यंत्रांना स्वतःचे क्रमांक देतो, सर्व्हर स्वतःची नावे देतो. या दोन याद्यांचा मेळ घालणे हे मांडणीतील सर्वांत नाजूक काम होय. मेळ चुकल्यास हात फीत एका यंत्रात बसवितो आणि सर्व्हर दुसऱ्या रिकाम्या यंत्रापाशी वाट पाहत राहतो. प्रत्येक पेटीवर रेघांकित क्रमांकाची चिठ्ठी असते. तिची शेवटची दोन चिन्हे फितीची पिढी दर्शवितात.

फितीवर माहिती ठराविक आकाराच्या ठोकळ्यांत लिहितात. ठोकळा मोठा असल्यास वेग वाढतो. परंतु पुनःस्थापनेच्या वेळी वापरावयाच्या दुसऱ्या सर्व्हरला तेवढा ठोकळा वाचता आला पाहिजे. धारकतेचा हिशोब करताना पेटीवर छापलेला ‘संपीडित’ आकडा गृहीत धरू नये. दप्तराच्या पानांच्या प्रतिमा आधीच संपीडित असतात, त्यांचे आणखी संकोचन जवळजवळ होत नाही. उदाहरणादाखल, एका प्रतिमेस २०० किलोबाइट धरल्यास १० लक्ष पानांना सु. २०० गिगॅबाइट जागा लागेल. पाचव्या पिढीच्या एका एलटीओ फितीवर ती सहज मावेल आणि सेकंदास १४० मेगॅबाइट या पूर्ण वेगाने सु. २४ मिनिटांत लिहून होईल. प्रत्यक्षात तबकडीवरून लहान संचिका वाचण्यात जाणारा वेळ याच्या कित्येक पट असतो; म्हणून रात्रीच्या उपलब्ध वेळाचा हिशोब फितीच्या वेगावरून न करता प्रत्यक्ष चाचणीवरून करावा लागतो.

प्रतींचे चक्र व स्थान : सर्व माहितीची पूर्ण प्रत आठवड्यातून एकदा आणि मधल्या दिवशी केवळ बदललेल्या माहितीची वर्धिष्णू प्रत घेणे ही प्रचलित रीत होय. फिती आलटून-पालटून वापरण्याच्या पद्धतीला ‘आजोबा–वडील–मुलगा’ असे नाव आहे : दैनिक फिती आठवड्याने, साप्ताहिक फिती महिन्याने पुन्हा वापरतात आणि मासिक फिती दीर्घकाळ ठेवतात. जुन्या प्रती ठेवण्याचे विशेष कारण असे, की चुकीची नोंद लगेच ध्यानात येत नाही. एखाद्या कुटुंबाचे नाव गळल्याचे ते उतारा काढावयास येते तेव्हाच कळते. तोवर आठवड्याच्या सर्व फितींवर चूकच उतरलेली असते.

कोणती संचिका कोणत्या फितीवर आहे याची तालिका आज्ञावली स्वतःच्या तबकडीवर ठेवते. सर्व्हरबरोबर ही तालिकाही नष्ट झाली, तर शेकडो फिती आरंभापासून वाचून ती पुन्हा तयार करावी लागते. म्हणून तालिकेची प्रत वेगळ्या फितीवर घेऊन तिचा क्रमांक कागदावर लिहून ठेवतात. अनुक्रमणिका नसलेले दप्तर असूनही नसल्यासारखे असते, हा जुन्या अभिलेखपालांचा अनुभव येथेही लागू पडतो.

प्रत मूळ इमारतीत ठेवण्याचा धोका २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयास लागलेल्या आगीने स्पष्ट केला. त्या आगीत पाच व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या कागदी नस्ती जळाल्या. अभिलेखांच्या संगणकीकरणाची व दूरस्थ प्रतींची निकड त्यानंतर सर्वमान्य झाली. केंद्र शासनाने राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस २००८ मध्ये मान्यता दिली होती. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची मोठी माहिती केंद्रे हैदराबाद (२००८), पुणे (२०१०), दिल्ली (२०११) व भुवनेश्वर (२०१८) येथे उभी राहिली. दूरस्थ स्थान निवडताना ते वेगळ्या नदीखोऱ्यात व वेगळ्या भूकंपपट्ट्यात असावे, असा संकेत आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठचा बदलापूर–कल्याण परिसर आणि मुंबई एकाच दिवशी पाण्याखाली गेली. एकाच पावसाच्या टापूतील दोन इमारती म्हणजे दोन सुरक्षित जागा नव्हेत.

जपणूक : एलटीओ फितीचे आयुष्य योग्य परिस्थितीत ३० वर्षांपर्यंत धरले जाते. दीर्घकालीन साठवणीसाठी सु. १६° ते २५° से. तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता आवश्यक असते. शहापूर–मुरबाड भागात पावसाळ्यात आर्द्रता याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे साध्या कपाटात ठेवलेली फीत कागदाइतकीच असुरक्षित असते. थंड कक्षातून बाहेर काढलेली पेटी काही तास खोलीच्या हवेत ठेवल्याशिवाय यंत्रात घालीत नाहीत, नाहीतर फितीवर दव धरते. यंत्राचे शीर्ष स्वच्छता-पेटीने वेळोवेळी साफ करावे लागते.

फीत टिकली, तरी ती वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. एलटीओची सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचीत. आठव्या व नवव्या पिढीत ही सोय एका पिढीपुरतीच राहिली. म्हणून साधारणतः दर काही वर्षांनी जुन्या फितींवरील माहिती नव्या फितींवर उतरवावी लागते. सात-बाराचे दशवार्षिक पुनर्लेखन संगणकयुगात या रूपाने शिल्लक आहे. फरक एवढाच, की यंत्र नकलेबरोबर प्रत्येक ठोकळ्याचा ताळाही तपासते. थकलेल्या कारकुनाच्या हातून ओळ गळावी तशी ती येथे मुकाट्याने गळत नाही.

पडताळणी : फीत लिहिताना यंत्र मागील शीर्षाने तेच वाचून पाहते. यामुळे फितीवर जे पाठविले ते उमटले एवढे कळते. जे पाठविले ते बरोबर होते की नाही, हे कळत नाही. म्हणून पुनःस्थापनेचा सराव आवश्यक मानला जातो : वेगळ्या सर्व्हरवर, कामाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, लेखी सूचनांच्या आधारे फितीवरून माहिती उभी करावी आणि निवडक गावांच्या नोंदी व क्षेत्रांच्या बेरजा मूळ संचाशी ताडून पाहाव्यात. ज्या प्रतीवरून एकदाही पुनःस्थापना केलेली नाही, तिला प्रतिसाठवण म्हणणे धाडसाचे ठरते.

मूळ नोंदच चुकीची असेल, तर मात्र कोणतीही फीत उपयोगी पडत नाही. हस्तलिखित सात-बारावरून संगणकात माहिती भरताना राहिलेले दोष शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ करण्यात आले. संगणकीकृत सात-बारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवून चुकीची नावे, गळलेले हिस्से व क्षेत्रांतील तफावत यांबाबत हरकती घेण्यात आल्या. लेखनप्रमादांची दुरुस्ती अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये करता येते. दप्तर चावडीवर वाचून दाखविण्याची ही रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. सर्व्हरवरील तपासणी आकड्यांची बेरीज जुळते की नाही हे सांगते. बांधापलीकडचे शेत कोण कसत होते, हे गावातील माणसेच सांगू शकतात. भूमि-अभिलेखांच्या बाबतीत यंत्राने केलेली तपासणी आणि धारकासमोर केलेले वाचन ही दोन्ही झाल्यावरच प्रतीला मूळ नोंदीइतका विश्वास प्राप्त होतो.